होडीवर घडलेली माणसं

मोत्यांच्या होडीवर सगळ्यात लहान जो असे, त्याला तब्बाब म्हणत. वय दहा-बारा वर्षांचं. मोत्यांत त्याचा वाटा नसे. कॉफीचे पेले फिरवायचे, जेवणाच्या वेळी हाताखाली राहायचं, सांगतील ते उचलून द्यायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढंच त्याचं काम. बुडी मारायला त्याला कोणी पाठवत नसे. पण उन्हाळ्याचे चार महिने तो मोठ्या माणसांच्या गराड्यात राही. वारा कुठून फिरतो, नाखुदाचा, म्हणजे होडीच्या कप्तानाचा, आवाज कधी चढतो, तळातून वर आलेल्या माणसाला आधी काय हवं असतं, हे त्याला कोणी बसवून शिकवत नसे. ते त्याच्या डोळ्यांसमोर घडत असे. काही मोसमांनी तो रदीफ होई, म्हणजे दोर ओढणाऱ्यांचा मदतनीस. मग अंगात बळ आलं की दोर ओढणारा सैब, नाहीतर पाण्यात उतरणारा घैस. आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यावर १९३०च्या आसपासपर्यंत मुलाचा पुरुष होण्याचा हाच मुख्य रस्ता होता.

किती मुख्य, ते आकड्यांवरून कळतं. ब्रिटिश अधिकारी जे. जी. लॉरिमर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पर्शियन आखाताचा जो प्रचंड गॅझेटियर तयार केला, त्यात या किनाऱ्याची वस्ती जेमतेम ८० हजार धरली आहे. मोत्यांच्या धंद्यात इथून सुमारे १,२०० होड्या आणि २२ हजार माणसं जात, असंही त्यात नोंदलं आहे. त्यातले काही बाहेरून आलेले होते हे खरं, तरी दर उन्हाळ्यात अबू धाबी, दुबई, शारजा, रास अल खैमा इथली गावं धडधाकट पुरुषांविना उरत. ज्या समाजात जवळजवळ प्रत्येक घरातला पुरुष वर्षाचा तिसरा हिस्सा एकाच प्रकारच्या फळीवर, एकाच नियमाखाली काढतो, त्या समाजाचा स्वभाव त्या फळीवरच ठरतो.

जून ते सप्टेंबर हा मोठ्या बुडीचा हंगाम. घैस नाकाला कासवाच्या कवचाचा किंवा हाडाचा चिमटा लावी, बोटांना कातडी टोप्या घाली, गळ्यात जाळीची टोपली अडकवी आणि पायाला दगड बांधून तळाशी जाई. दगड वर ओढून घ्यायचा एक दोर, माणूस वर ओढून घ्यायचा दुसरा. श्वास संपत आला की घैस दोराला झटका देई आणि वरचा सैब त्याला खेचून काढी. दिवसाला पन्नास-पन्नास बुड्या होत, त्याही सकाळी थोडे खजूर आणि कॉफी यांवर. पोटभर जेवण सूर्य मावळल्यावर. सैबाचं लक्ष क्षणभर ढळलं तर खालचा माणूस गेलाच. म्हणून ही जोडी शक्यतो भावाभावांची, नात्यातली, निदान शेजारची असे. नात्यातला विश्वास इथे घरच्या जेवणावळीत तपासला जात नव्हता, तो दोरावर तपासला जाई.

होडीवर एक माणूस केवळ आवाजासाठी घेतलेला असे. तो नह्हाम, गाणारा. शीड चढवताना, नांगर ओढताना, वल्ही मारताना तो ताल धरी आणि बाकीचे त्याच्या मागून म्हणत. खर्चाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या धंद्यात गायकाला वाटा दिला जाई, यावरून त्याची किंमत समजावी. देवाची आळवणी, घरची आठवण, बुडालेल्या माणसांची नावं हे सगळं त्याच्या गाण्यांतून पोरांच्या कानांवर पडे. अक्षर न ओळखणाऱ्या समाजाने आपली आठवण अशी जपली होती.

इथवर वाचून कोणालाही या जगाची ओढ वाटेल. पण त्याची दुसरी बाजू तितक्याच ठळकपणे मांडायला हवी. घैस आणि सैब यांना मजुरी नसे, हंगामाच्या कमाईत हिस्सा असे. घैसाचा मोठा, सैबाचा त्याहून कमी. हंगामाआधी नाखुदा घरखर्चासाठी उचल देई आणि ती हिशेबात वळती करी. नाखुदा स्वतः बहुधा व्यापाऱ्याचा देणेकरी असे. मोती कमी निघाले की उचल फिटत नसे, मग पुढच्या वर्षी त्याच नाखुदाकडे जावं लागे. कर्ज मिटवल्याशिवाय दुसऱ्या होडीवर पाय ठेवता येत नसे. माणूस मेला तर अनेकदा ते कर्ज मुलाच्या नावावर चढे. बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर निघालेल्या कोयत्याबरोबर लहान मूलही गाडीत बसतं आणि फडातच मोठं होतं. त्या मुलाला उचल ही वाईट गोष्ट वाटत नाही, ती त्याला जन्मापासूनची वाटते. आखातातल्या तब्बाबाचंही तसंच झालं. शिस्त, धीर, एकमेकांसाठी जीव टाकणं हे तो जिथे शिकला, तिथेच नाखुदाच्या वहीपुढे मान खाली घालायलाही शिकला. हे दोन वेगळे धडे नव्हते. एकाच तोंडून, एकाच दिवशी मिळालेले होते, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

वाद झाले तर ते ऐकायला मोत्यांच्या धंद्यातल्या जाणत्यांची वेगळी पंचायत बसे. तिला सालिफा म्हणत. शिकलेसवरलेले, अनुभवी, सगळ्यांना मान्य असे लोक तिथे असत. पण पंच व्यापारी आणि नाखुदा यांच्यातले, आणि फिर्यादी बहुतेक वेळा घैस.

त्या होड्यांवर गुलामही होते. पूर्व आफ्रिकेतून आणि बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या माणसांना बुडी मारायला लावलं जाई आणि त्यांचा वाटा मालक घेई. त्यांतले कित्येक पळून शारजातल्या ब्रिटिश एजंटाकडे मुक्ततेचा दाखला मागायला जात. जे राहिले त्यांची मुलं त्याच गाण्यांवर वाढली, तीच भाषा बोलू लागली, मालकाच्या टोळीचं नाव लावू लागली. १९७१ मध्ये देश उभा राहिला तेव्हा त्यांच्यातले अनेक वंशज त्याचे नागरिक झाले. आफ्रिकी ढोल आणि आफ्रिकी ठेका आज अमिरातीच्या लोकसंगीतात घरचा म्हणून वाजतो.

पुरुष समुद्रावर असताना गाव कोण चालवी, याकडे जुन्या नोंदी फारसं लक्ष देत नाहीत. उन्हाळा सुरू झाला की बायका, म्हातारे आणि लहान मुलं उंटांवरून खजुरांच्या बागांकडे निघत: अल ऐन, लिवा, धैद, रास अल खैमाचा हिरवा पट्टा. तिथे खजूर उतरवायचे, साठवायचे, देणीघेणी सांभाळायची, मुलांची लग्नं ठरवायची, हे सगळं बायकांच्या हाती असे. म्हणजे मुलगा होडीवर जायच्या वयाचा होईपर्यंत, आणि मुलगी तर नेहमीच, वर्षातले चार महिने पूर्णपणे स्त्रियांच्या कारभारात वाढे. पुढे १९७५ मध्ये देशाचे पहिले अध्यक्ष शेख झायेद यांच्या पत्नी शेखा फातिमा यांनी स्त्रियांची देशव्यापी संघटना उभी केली तेव्हा कारभार करण्याची सवय नव्याने लावावी लागली नाही. ती खजुरांच्या बागांत आधीच लागलेली होती.

मोत्यांच्या वाटेचं दुसरं टोक मुंबईत होतं. आखातातला माल झवेरी बाजाराच्या परिसरात येई, तिथे त्याची चाळणी, प्रतवारी, भोकं पाडणं होई आणि मग तो लंडन-पॅरिसला जाई. आपल्याकडे या मोत्यांना बसरा मोती म्हणत. पुण्या-साताऱ्याच्या घरांतल्या जुन्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या यांतले खरे मोती बहुतेक याच पाण्यातले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास मोत्यांची जी जगप्रसिद्ध चादर करवली तिच्यातही हेच मोती लाखांनी ओवले आहेत. भाव ठरे रुमालाखाली: दोघे व्यापारी हात कापडाखाली धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत, भोवतीच्या कोणालाही तो कळत नसे. मोत्याच्या वजनावरून किंमत काढण्याचं मुंबईचं माप, चव, दुबईच्या व्यापाऱ्यालाही पाठ असावं लागे.

मोती विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला, तव्वाशाला, आपला मुलगा होडीवर पाठवून भागत नसे. त्याला मुंबईत ठेवावं लागे. अल हीरा या शारजाजवळच्या गावात १९२५ मध्ये जन्मलेले कवी सुलतान बिन अली अल ओवैस हे अशाच मोती-व्यापारी घराण्यातले, आणि तरुण वयात मुंबई त्यांच्या पायाखालची झाली होती. मुंबईत या मुलांना छापलेली अरबी वर्तमानपत्रं मिळत, ट्राम दिसे, कोर्टकचेऱ्या दिसत, काँग्रेसच्या सभा कानांवर पडत. होडीने जो समाज घडवला त्याला वर पाहणं शिकवलं, मुंबईने आजूबाजूला पाहणं शिकवलं.

शाळा त्या पैशातूनच आल्या. तोवर शिक्षण म्हणजे मुतव्वाच्या, म्हणजे धर्मशिक्षकाच्या, अंगणात बसून कुराण पाठ करणं. ते पूर्ण झालं की मुलाची गावातून मिरवणूक निघे आणि गल्लीतली सगळी पोरं मागे ‘आमीन’ म्हणत चालत. दुबईच्या डेरा भागात १९१२ मध्ये उभी राहिलेली अल अहमदिया शाळा ही शेख अहमद बिन दलमूक या मोती-व्यापाऱ्याची कल्पना. ते वारले आणि मुलगा महंमद याने ती पूर्ण केली. पुढे दुबईचे शासक झालेले शेख राशिद याच शाळेचे विद्यार्थी. जेद्दाचे महंमद अली झैनल अलीरझा हेही मोती-व्यापारी, आयुष्याची बरीच वर्षं मुंबईत काढलेले. त्यांनी १९०५ मध्ये जेद्दात फलाह शाळा काढली आणि नंतर मक्का, मुंबई, बहरीन, दुबई इथेही त्या नावाच्या शाळा उभ्या केल्या. समुद्राच्या तळाशी श्वास कोंडून धरणाऱ्या निरक्षर माणसाच्या कष्टातून त्याच्या नातवाच्या पिढीसाठी शाळा निघत होती. त्या व्यापाऱ्यांच्या दानशूरपणाबद्दल लिहिताना त्या घैसाचं नावही त्याच दगडावर कोरायला हवं होतं.

होडी आणि शाळा यांच्याबरोबर तिसरी जागा होती, मजलिस. घराचा बाहेरचा, रस्त्याकडे उघडणारा दिवाणखाना. जमिनीवर गालिचे, भिंतीकडेने उशा आणि मधे कॉफीची किटली, दल्ला. इथे मुलगा जे शिके ते सगळं शरीराने शिके. मोठा माणूस आत आला की उठायचं. दल्ला डाव्या हातात, पेला उजव्या हातात. पेला काठोकाठ भरायचा नाही, तळाशी चौथाईभर ओतायची, म्हणजे पाहुणा पुन्हा मागेल आणि बसून राहील. आधी ज्येष्ठाला, मग उजवीकडून पुढे. पाहुण्याने रिकामा पेला हलवला की थांबायचं. आणि ओतून झालं की दाराजवळ उभं राहून ऐकायचं. ऐकण्यासारखं खूप असे: उंटाच्या चोरीचा तंटा, विहिरीवरचा हक्क, रक्ताच्या भांडणाची भरपाई, मुंबईतला मोत्याचा भाव. शेखाच्या मजलिसीत तर कोणीही येऊन गाऱ्हाणं मांडी. शेख झायेद १९४६ पासून अल ऐनचा कारभार पाहत होते आणि त्यांचा न्याय असाच उघड्यावर, लोकांत बसून चाले. शेख राशिद यांनी १९५५ मध्ये जुमैरात बांधलेली उन्हाळी मजलिस आजही उभी आहे. साधं जिप्सम, प्रवाळाचे दगड आणि खजुराच्या झावळ्या.

मजलिसीत गरिबाला बोलता येत होतं. बायकांना येत नव्हतं, निदान त्या खोलीत नाही. त्यांची बैठक वेगळी. आणि निर्णय कोणाचा हे बोलणं सुरू होण्याआधीच ठरलेलं असे.

मग मोती बुडाले. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात कृत्रिम रीतीने मोती वाढवले आणि १९२०च्या दशकात ते गोल, चमकदार, स्वस्त मोती युरोपच्या बाजारात आले. १९२९ च्या जागतिक मंदीने उरलेलं गिऱ्हाईक घालवलं. काही वर्षांत होड्या वाळूवर पडून राहिल्या. नाखुदा बुडाले, व्यापारी बुडाले, १९३२ मध्ये अल अहमदिया शाळा बंद पडली आणि १९३७ मध्ये सुरू झाली ती सरकारी मदतीवर. पण खरी पडझड डोळ्यांना न दिसणारी होती: मुलाला माणसात आणण्याची जागाच गेली. बापाच्या हाताला काम नाही, मग मुलाने दोर कोणाचा ओढायचा?

याच पोकळीतून १९३८ ची दुबईतली चळवळ निघाली, आणि तिच्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं गेलं आहे. मोत्यांत पोळलेल्या व्यापाऱ्यांनी, शासक घराण्यातल्याच काही चुलत मंडळींना हाताशी धरून, ऑक्टोबरमध्ये पंधरा जणांची मजलिस बसवली आणि शासक शेख सईद यांनी तिच्या सल्ल्याने चालावं असा आग्रह धरला. जकातीचा हिशेब, शाळांची व्यवस्था, बंदराची सुधारणा हे विषय तिने हाती घेतले. मजलिसीत बसून ऐकायला शिकलेल्या पिढीने आता मजलिसीतच हिशेब मागितला होता. मार्च १९३९ मध्ये सशस्त्र बळाने ती मोडली गेली. तरी तिने आखलेल्या कामांपैकी बरीच पुढे शेख राशिद यांनीच पार पाडली.

त्यानंतरची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. अबू धाबीत १९५८ मध्ये तेल सापडलं, १९६२ मध्ये पहिलं जहाज भरलं. १९६६ पर्यंत इथे भारतीय रुपया किंवा त्याचाच आखाती भाऊ चालत होता, तो गेला. २ डिसेंबर १९७१ ला संघराज्य झालं. शारजात १९५३ मध्ये सुरू झालेल्या आधुनिक शाळेपाठोपाठ कुवेतच्या मदतीने शाळा निघत गेल्या; शिक्षक इजिप्तचे, पॅलेस्टाइनचे, जॉर्डनचे. १९७६ मध्ये अल ऐनला विद्यापीठ झालं. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तिची नात डॉक्टर होऊन आली, तेही दोनच पिढ्यांच्या अंतरात. मुलगा आता चार महिने होडीवर नव्हता, वातानुकूलित घरात होता, आणि त्याला भरवणारी बाई बहुधा फिलिपिन्सची, श्रीलंकेची किंवा केरळची होती. पालकांना धास्ती वाटू लागली की मूल अरबीआधी इंग्रजी बोलतंय, मजलिसीत पाहुणा आला तरी उठत नाहीय.

ती धास्ती सरकारपर्यंत पोचली. २००८ हे राष्ट्रीय ओळखीचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. २०१४ मध्ये तरुणांना सक्तीची राष्ट्रीय सेवा लागू झाली. २०१५ मध्ये मजलिस आणि अरबी कॉफी या दोन्ही परंपरा शेजारी देशांबरोबर युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेल्या. १९७३ मध्ये आलेल्या एक दिर्‍हमच्या नाण्यावर तर दल्ला पहिल्यापासून आहे. १९९१ पासून दर वर्षी सर बू नैर बेटापासून दुबईपर्यंत पारंपरिक शिडांच्या होड्यांची शर्यत होते. तिला मोत्यांच्या हंगामाअखेर घरी परतण्याचं जुनं नाव आहे, अल गफाल. आणि २०१६ मध्ये शाळांसाठी नैतिक शिक्षणाचा स्वतंत्र विषय जाहीर झाला. त्यात सहिष्णुता, आदर, समाजाची जाण हे धडे आहेत. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण आदर हा पाठ म्हणून वाचणं आणि दल्ला हातात घेऊन दाराजवळ तासभर उभं राहणं, या दोहोंतून एकच माणूस तयार होईल असं मानायला आधार दिसत नाही.

रास अल खैमाजवळच्या रम्स गावी अब्दुल्ला अल सुवैदी यांनी एक वेगळा मार्ग धरला आहे. त्यांचे आजोबा मोती काढणाऱ्या शेवटच्या पिढीतले. नातवाने आजोबांकडून समुद्र शिकून घेतला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे मोत्यांची शेती सुरू केली, जपानी तंत्राने. आता शाळेची मुलं तिथे येतात, शिंपला उघडताना पाहतात.

मात्र या सगळ्या प्रयत्नांत एक मोठा समूह मोजला जात नाही. अमिरातीच्या लोकसंख्येत मूळचे नागरिक साधारण एक दशांश. भारतीय एकटे पस्तीस लाखांहून जास्त. दुबईत १९६१ मध्ये भारतीय मुलांसाठी हायस्कूल निघालं, तेव्हापासून तिथे वाढलेल्या पिढ्यांत कोकणातल्या, पुण्या-नाशकातल्या घरांची मुलंही आहेत. गणपतीत आरती म्हणणारी, शाळेत सक्तीची अरबी शिकणारी, ईदला शेजाऱ्याकडे जाणारी. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खायचं नाही हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. रत्नागिरीत सुट्टीला आल्यावर त्यांना रांग मोडणाऱ्यांचा राग येतो. त्यांना या देशानेच घडवलं आहे. तरी त्यांचं तिथे राहणं बापाच्या नोकरीच्या आणि व्हिसाच्या मुदतीपुरतं असतं, आणि वयात आलेल्या मुलाला स्वतःची सोय स्वतः पाहावी लागते.

जुनी होडी निर्दय होती. तिने आफ्रिकेतून जबरीने आणलेल्या माणसाच्या मुलाला अखेर आपलं नाव दिलं, पण त्यासाठी एक आयुष्य आधी हिरावून घेतलं. आजचं शहर कोणाला जबरीने आणत नाही, ते शाळा देतं, सुरक्षितता देतं, सवयी देतं, फक्त नाव देत नाही. जानेवारी २०२१ मध्ये कायदा बदलला आणि गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ, कलावंत अशा निवडक परदेशीयांना शिफारशीने नागरिकत्व मिळण्याची वाट उघडली. त्या यादीत पैसा आहे, बुद्धी आहे, कर्तबगारी आहे. तिथे जन्मून तिथेच वाढलेलं असणं ही पात्रता तिच्यात अजून नाही.